रूटिंग पावडर घेताय? आधी काडी बघा, तिच्यात साखर आहे का ते

निकाल आधीच सांगते म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना पुढचं वाचायला नको. आयबीए (इंडोल ब्युटिरिक ॲसिड, काडीला मुळं फोडायला लावणारं संजीवक) असलेली ही पांढरी रूटिंग पावडर चांगली आहे, मी दर वर्षी घेते, पुढेही घेणार, पाचपैकी चार स्टार. एक स्टार कापलाय तो डबीवर जे लिहायला हवं ते लिहीत नाहीत म्हणून. आणि जे लोक खाली येऊन लिहितात की "पावडर लावली तरी काड्या वाळल्या, पैसे पाण्यात", त्यातल्या बऱ्याच जणांच्या फोटोत मला हिरव्यागार, कोवळ्या, बोटाने वाकतील अशा काड्या दिसतात, तिथे पावडरीचा काही दोष नाही, ती काडीच उपाशी आहे.

आमच्याकडे पुरंदरच्या बाजूला अंजीर आणि डाळिंब, थोडी द्राक्षाची खुंटाची (ज्यावर पुढे कलम बांधतात त्या झाडाची) काडी पण करतो, घरगुती नर्सरी आहे, फार मोठी नाही. त्यामुळे हा रिव्ह्यू झाडांच्या काडीपुरता समजा. मनी प्लांट, कोलियस, जास्वंद यांना लावून "एक नंबर रिझल्ट" लिहिणारे खूप आहेत, पण मनी प्लांट नुसत्या पाण्यात पण मुळं सोडतो हो, त्यावरून पावडरीची परीक्षा कशी होणार.

ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तीन-चार वेगवेगळ्या कंपन्यांच्या डब्या वापरून झाल्यात आणि फरक पडतो तो आत आयबीए किती टक्के आहे आणि माल किती ताजा आहे याने, डबीवरच्या चित्राने नाही. साधारण तीन ग्रेड मिळतात, ०.१ टक्का म्हणजे कोवळ्या काडीसाठी, ०.३ टक्के अर्धवट पक्व काडीसाठी, ०.८ टक्के जून लाकडी काडीसाठी, बाकी सगळी टाल्कम. काही ठिकाणी नंबर १, २, ३ असं लिहितात. पीपीएमच्या (दहा लाखांत किती भाग) भाषेत ०.३ टक्के म्हणजे ३००० पीपीएम, पण हे ऐकून दचकू नका, पावडर जेवढी चिकटते आणि त्यातली जेवढी ओलाव्यात विरघळते तेवढीच काडीत जाते, म्हणून पावडरीतले ३००० आणि द्रावणातले ३००० एकसारखे धरायचे नाहीत. छोटी डबी शे-सव्वाशेला मिळते आणि शेकडो काड्यांना पुरते, त्यामुळे महाग म्हणणार नाही.

आता हे आयबीए म्हणजे काय ते थोडं सांगते कारण ते कळलं की अर्ध्या चुका आपोआप टळतात. झाडाच्या शेंड्यात आणि कोवळ्या पानांत ऑक्झिन नावाचं संजीवक तयार होतं, मुख्य म्हणजे आयएए, आणि ते वरून खालीच वाहतं. काडी कापली की खाली जायची वाट बंद, मग ते कापाजवळ साठतं आणि तिथल्या पेशींना मुळं करायचा हुकूम मिळतो. १९३४ च्या सुमारास आयएए मुळं फोडतं हे लक्षात आलं, पण ते उजेडात आणि झाडातल्याच एन्झाइम्सनी लवकर मोडतं, टिकत नाही. १९३५ मध्ये अमेरिकेत बॉइस थॉम्पसन इन्स्टिट्यूटमध्ये झिमरमन आणि विल्कॉक्सन यांनी दाखवलं की आयबीए आणि एनएए ही ऑक्झिनच्याच गटातली दोन्ही संजीवकं जास्त दमदार आहेत. आयबीए टिकाऊ आहे, काडीत गेल्यावर हळूहळू त्याचं आयएए होत राहतं, म्हणजे पुरवठा एकदम न होता बेताबेताने होतो, म्हणून इतकी वर्षं झाली तरी नर्सरीवाले आयबीएच धरून आहेत. एनएए स्वस्त पडतं पण काडी भाजते लवकर, मी तरी झाडाच्या काडीला नुसतं एनएए वापरत नाही.

हुकूम मिळाला पण माल कुठंय? इथेच लोक चुकतात. मूळ म्हणजे नवीन पेशी, आणि नवीन पेशी करायला सगळ्यात आधी साखर लागते. ऑक्झिन मुकादम आहे, साखर वाळू-सिमेंट आहे, मुकादम कितीही चांगला आणा, साइटवर माल नसेल तर भिंत उभी राहणार नाही. होतं काय की कापल्यावर जखमेच्या जागी आधी जखमेचे संदेश सुटतात, मग ऑक्झिन साठतं, आणि त्याबरोबर तिथे इन्व्हर्टेज नावाचं एन्झाइम वाढतं जे उसाच्या साखरेसारखी जी साखर अंतर्सालीतून खाली येते तिला फोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं. साखर तिथे वापरली गेली की वरून अजून साखर ओढली जाते. म्हणजे पावडर स्वतः खाऊ घालत नाही, ती काडीत असलेलं अन्न बुडाकडे वळवते. आणि काडीत अन्नच नसलं तर वळवणार काय?

काडीत साखर येते दोनच ठिकाणांहून. पान असलेली कोवळी किंवा अर्धपक्व काडी असेल तर पानं रोजच्या रोज थोडी थोडी करतात, म्हणून तिची सगळी पानं ओरबाडून काढायची नसतात, दोन-तीन ठेवायची, मोठी असली तर अर्धी कापायची, आणि सावली पण बेताची, गडद अंधारात ठेवलं तर पान असून उपयोग नाही. आणि पानं नसलेली जून काडी असेल तर तिच्या लाकडात आणि गाभ्यात स्टार्च साठवलेला असतो, तोच मोडून तिला मुळं येईपर्यंत जगायचंय. डाळिंब, अंजीर, द्राक्ष यांची छाटणीतली काडी ही अशी. म्हणून काडी घ्यायची ती मागच्या हंगामाची पक्की झालेली, पेन्सिलीएवढी किंवा थोडी जाड, पेरं जवळजवळ असलेली, उन्हातल्या बाजूची. बुडातून सरळसोट वर आलेले वॉटरशूट दिसायला इतके देखणे असतात की मोह होतो, पण युरियावर फुगलेले असतात, लांब पेरं, आत पाणी जास्त, साठा कमी, ते घेऊ नका. नत्र भरपूर आणि साखर कमी अशी काडी पालवी छान काढते पण मुळं काढत नाही, ज्या मातृवृक्षाची काडी घ्यायची त्याला आधी काही आठवडे नत्राचा हात आखडता घ्यावा.

साठा आहे का हे बघायची सोपी युक्ती आहे आणि कुठल्याच डबीवर ती लिहिलेली मी बघितली नाही. काडीचा ताजा काप घ्या, त्यावर आयोडीनचा थेंब टाका, मेडिकलमध्ये मिळणारं जखमेचं आयोडीन चालतं. स्टार्च असेल तर काप निळा-काळा पडतो, नसेल तर नुसता पिवळट तपकिरी राहतो. हे काही नवं नाही, कॅलिफोर्नियात १९२७ मध्ये द्राक्षाच्या काड्यांवर हे करून बघितलं होतं, आयोडीनने काड्यांचे तीन गट केले, जास्त स्टार्चवाल्या ६३ टक्के रुजल्या, मधल्या ३५ आणि कमीवाल्या फक्त १७. सारख्याच द्राक्षाच्या, सारख्याच जागी, आणि एवढा फरक! मला हे कळल्यापासून डॉगरिजची (द्राक्षाच्या खुंटाची एक जात) काडी आली की प्रत्येक गठ्ठ्यातल्या एक-दोन कापून थेंब टाकते, काळा डाग पडला की मन निवांत होतं, मग पावडरीचं झाकण उघडायचं.

अजून एक, डोळे फुटले म्हणजे काडी रुजली असं धरू नका. जून काडी लावली की आठ-पंधरा दिवसांत टपोरी पालवी येते आणि घरातले सगळे खूश, आमचे सासरे तर फोटो काढून भावकीच्या ग्रुपवर टाकतात. पण ती पालवी साठवलेल्या साखरेवर आलेली असते आणि तीच साखर खाली मुळांना पण हवी असते, म्हणजे वर आणि खाली ओढाताण सुरू. वरच्याने जास्त ओढली की खाली मुळं नाहीत, पानं पाणी उडवतायत, एक दिवस सगळं लुळं पडतं. म्हणून बूड उबदार आणि वरचा भाग जरा गार असावा असं बघते, बुडाशी २५ अंशाच्या आसपास ऊब असली की मुळांचं काम पुढे सरकतं. आम्ही थंडीत गठ्ठे बांधून ओल्या वाळूत ठेवतो आणि मग उबेला लावतो. पावडरीचा इथे एक फायदा आहे, बुडाशी ऑक्झिन जास्त झालं की साखर तिकडे वळते आणि शिवाय डोळे जरा उशिरा फुटतात. पण याचाच अर्थ की पूर्ण काडीला वरपर्यंत पावडर चोपडली तर डोळे बसून राहतील, तेव्हा बुडाचा एक-दीड इंच पुरे.

आणि डोस. इथे आपल्याकडे "थोडं जास्त टाकूया" ही जी सवय आहे ती सोडा. ०.८ वाली पावडर कोवळ्या काडीला लावली की बूड काळं पडतं, किंवा फुगून गोळा येतो आणि मुळं मात्र फुटत नाहीत. तो पांढरा फुगीर गोळा म्हणजे कॅलस, त्याला बघून लोक लिहितात "मुळं येतायत", पण कॅलस वेगळं आणि मूळ वेगळं, बऱ्याच झाडांत कॅलस भरपूर येऊन पुढे काहीच होत नाही. दुसरं म्हणजे दर आठवड्याला रूटिंग हार्मोनचं पाणी द्यायचं का असं सारखं विचारलं जातं. नाही द्यायचं. पेशींना ऑक्झिनची खरी गरज पहिल्या काही दिवसांत असते, मुळाची सुरुवात ठरते तेव्हा. एकदा मुळाचा कोंब तयार झाला की उलट जास्त ऑक्झिन त्याची वाढ अडवतं. एकदा लावली, विषय संपला.

द्राक्षवाल्यांसाठी खास, कारण आपल्याकडे कपाटात जीए आणि सिक्स बीए पडलेलंच असतं आणि "संजीवक ते संजीवक" म्हणून मिसळायचा मोह होतो. जीए म्हणजे जिबरेलिन पेशी लांबवतं, मण्यांना ठीक आहे, पण मुळं फुटण्याच्या आड येतं. सिक्स बीए हे सायटोकायनिन, ते डोळे फोडतं आणि मुळं दाबतं. काडीच्या बुडाला दोन्हीपैकी काही लावू नका.

आता घरगुती उपायांबद्दल, कारण प्रत्येक रिव्ह्यूखाली कोणीतरी म्हणतंच की पावडर कशाला, साखरपाणी वापरा. वर मी इतकं साखर साखर केलंय तर मग साखरेच्या पाण्यात काडी बुडवली तर काय वाईट, असं वाटेल. टिश्यू कल्चरच्या बाटलीत लिटरला २०-३० ग्रॅम साखर घालतात हे खरं आहे, पण ती बाटली निर्जंतुक असते आणि आतलं रोपटं स्वतः पुरेसं अन्न करू शकत नाही. आपल्या कोकोपीटमध्ये आणि वाळूत हजार प्रकारच्या बुरश्या आहेत, साखर आधी त्या खाणार, काडीचं बूड सडणार. साखर काडीच्या आतली हवी, बाहेरची नको. मधाचं पण तसंच, मध घट्ट असताना जंतू वाढू देत नाही एवढंच, तो मुळं फोडत नाही, आणि पाण्यात पातळ केला की परत साखरपाणीच झालं. दालचिनी बुरशीला आवर घालते, म्हणून कापाला लावायला वाईट नाही, पण तिला रूटिंग हार्मोन म्हणू नका, ती संजीवक नाही. नारळपाण्यात सायटोकायनिन असतं, म्हणूनच तर टिश्यू कल्चरवाले ते कित्येक वर्षं वापरत आले, शिवाय त्यात साखरही आहे, मुळांसाठी मला ते पटत नाही. कोरफडीचा गर लावून माझ्याकडे डाळिंबाला काही फरक दिसला नाही, नुसत्या काडीइतकाच निकाल.

साखर आणि ऑक्झिन दोन्ही एकाच जागी आणायची आपली जुनी पद्धत मात्र कमाल आहे, गुटी कलम. फांदीची अंगठीएवढी साल काढली की अंतर्साल तुटते, पानांनी केलेली साखर आणि शेंड्याचं ऑक्झिन दोन्ही त्या कापाच्या वरच्या कडेला अडतात, लाकूड शाबूत असल्यामुळे पाणी वर जातच राहतं, त्यामुळे फांदी वाळत नाही, आणि मुळं बरोब्बर वरच्या कडेलाच येतात. डाळिंबाच्या गुट्या एवढ्या चालतात त्याचं कारण हेच. मी गुटीला पण पावडर लावते, फक्त वरच्या कडेला, चिमूटभर, मग ओलं शेवाळ आणि प्लास्टिक. खालच्या कडेला लावणारे पण बघितलेत, तिथे लावून काहीच उपयोग नाही. इथे पावडरीने मुळं लवकर आणि चहूबाजूंनी येतात हे मी छातीठोक सांगू शकते, पावडर न लावलेल्या गुटीत मुळं बरेचदा एकाच बाजूला येतात आणि तसं रोप पुढे वाऱ्याला कलतं.

वापरताना मी काय करते ते सांगते, डबीवर हे असायला हवं होतं. लागेल तेवढी पावडर वेगळ्या कागदावर काढायची, डबीत काडी बुडवायची नाही, एक ओली काडी आत गेली की सगळा माल ओलावा धरतो आणि एका झाडाचा रोग दुसऱ्याला जातो. डाळिंबाला तर तेल्या रोग आहे, तिथे हा धोका पत्करूच नका, आणि काडी पण तेल्या नसलेल्याच बागेतली. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, वरचा डोळ्याच्या थोडा वर, म्हणजे उलटसुलट होणार नाही, उलटी काडी लावली तर ऑक्झिन चुकीच्या टोकाला जातं. बूड किंचित ओलसर, पावडरीत टेकवायचं, झटकून जास्तीची पाडायची. मातीत आधी खिळ्याने किंवा काडीने भोक पाडायचं आणि मग लावायची, नाहीतर खुपसताना सगळी पावडर वर कोकोपीटला पुसली जाते आणि आपण म्हणतो काम करत नाही. अंजिराच्या काडीला चीक येतो, तो थांबू द्यायचा, पुसायचा, मग पावडर. काम करताना तोंडाला रुमाल बांधा, टाल्कम नाकात जाते.

मोठ्या प्रमाणात करणाऱ्यांना पावडरीपेक्षा द्रावण बरं, सगळ्या काड्यांना सारखं लागतं. आयबीए नुसत्या पाण्यात नीट विरघळत नाही, आधी अल्कोहोलमध्ये विरघळवून मग पाणी, १ ग्रॅमचं ५०० मिली केलं की २००० पीपीएम, डाळिंबाच्या जून काडीला त्यात पाच सेकंद बुडवून काढते. पाच सेकंद म्हणजे पाच सेकंदच. पोटॅशियमवालं आयबीए मिळालं तर ते सरळ पाण्यात विरघळतं.

आता एक स्टार का कापला. माझ्याकडे आलेल्या डब्यांपैकी एकीवर आयबीएचा टक्काच नव्हता, नुसतं "शक्तिशाली रूटिंग फॉर्म्युला", एकीवर तयार केल्याची तारीख पुसट. टक्का माहीत नसेल तर ती कोवळ्या काडीला लावायची की जून, कसं ठरवणार? मराठीत चार ओळींची माहिती, कुठल्या काडीला कुठला नंबर, एवढं छापायला किती खर्च येतो? शिवाय कृषी सेवा केंद्रात "मुळांची पावडर द्या" म्हटलं की बरेचदा ह्युमिक किंवा मायकोरायझाचं पाकीट हातात ठेवतात. ती वाईट नाहीत, पण ती मुळं असलेल्या रोपासाठी आहेत, बिनमुळाच्या काडीला त्यांचा फारसा उपयोग नाही. पाकिटावर इंडोल ब्युटिरिक ॲसिड आणि टक्का लिहिलेला दिसला तरच पैसे द्या, ऑनलाइन मागवताना मागच्या बाजूचा फोटो नसेल तर मागवूच नका.

कोणी घ्यायची नाही ते पण सांगते. गिरिपुष्प, पांगारा, शेवगा, वड, उंबर यांच्या खांडांना पावडरीची गरजच नाही, पावसाळ्याच्या तोंडावर खोचा, येतात. तुती पण बहुतेक तशीच येते. आणि आंबा, काजू, फणस यांच्या मोठ्या झाडाच्या काडीला कितीही नंबरची लावा, भरवसा नाही, झाड वयात आलं की त्याच्या पेशी ऑक्झिनचा हुकूम तितकासा ऐकत नाहीत, साखर असली तरी. म्हणूनच कोकणात आंब्याला कोय कलम करतात, म्हणजे कोय रुजवून त्या रोपावर चांगल्या झाडाची काडी बांधतात. ज्यांनी हापूसच्या काड्यांसाठी ही पावडर मागवायचा विचार केलाय त्यांनी तेवढ्या पैशात कोयी रुजवायला ठेवा.

मधली झाडं, डाळिंब, अंजीर, द्राक्षाचे खुंट, लिंबू, पेरूची अर्धपक्व काडी, बोगनवेल, यांच्यासाठी जरूर घ्या. लिंबू-पेरूला ०.३, डाळिंब-द्राक्षाच्या जून काडीला ०.८, अंजिराला काडी चांगली असेल तर ०.३ पण पुरते. छोटीच डबी घ्या, झाकण घट्ट लावून फ्रीजच्या दारात ठेवा, त्यावर स्केचपेनने उघडल्याची तारीख लिहा आणि पुढच्या छाटणीला जुनी उरली असेल तर तिच्या भरवशावर गठ्ठा लावू नका, नवीन आणा.